धडाकेबाज की झपाटलेला?

इंदापूरला घरची मंडळी जमली की हा वाद ठरलेला. दोन्ही सिनेमे महेश कोठारेंचे, दोन्हींत लक्ष्मीकांत बेर्डे. 'धडाकेबाज'मध्ये (१९९०) समोर कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ आणि लक्ष्याच्या मदतीला बाटलीतला चिमुकला गंगाराम. तोही लक्ष्याच!

'झपाटलेला'त (१९९३) सगळं उलटं. इथे चिमुकलाच वैरी. रामदास पाध्येंच्या बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूला लक्ष्याचं शरीर हवंय. कल्पना हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून (१९८८) घेतलेली, हे खरं. तरी माझं मत 'झपाटलेला'लाच. बाहुल्याची भीती वाटते, कारण समोरचा लक्ष्या मनापासून घाबरतो.

२००४ मध्ये तो गेला. त्याला नुसता विनोदी नट म्हणणाऱ्यांनी ते घाबरणं पुन्हा एकदा बघावं.