सड्यावरील सामुदायिक रेखन : रत्नागिरीच्या कातळशिल्पांचा एक विचार

१

लिपी अस्तित्वात आली तेव्हापासून इतिहासास प्रारंभ झाला आणि त्यापूर्वीचा काळ हा मूक काळ होय, अशी विभागणी आपल्या पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ चालत आली आहे. शिलालेख, ताम्रपट, बखरी व दफ्तरे यांवर पोसलेल्या महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनास ही विभागणी सोयीचीही वाटली. परंतु ज्या समाजाने अक्षर लिहिले नाही त्याने काहीच लिहिले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर उघड्या कातळात खोदलेली जी शेकडो चित्रे गेल्या काही वर्षांत अभ्यासकांपुढे आली आहेत, त्यांनी हा प्रश्न नव्याने उभा केला आहे. प्रस्तुत लेखात त्या चित्रांचा अर्थ लावण्याचा हेतू नाही. ही चित्रे एकेका कारागिराची कृती आहेत, की अनेकांनी मिळून, चित्राच्याच भाषेत केलेल्या व्यवहाराची ती खूण आहे, एवढ्या मर्यादित प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

२

कोकणातील सडा ज्याने पाहिला आहे त्यास या चित्रांच्या भूमीची कल्पना सहज येईल. जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण, सपाट पठार पावसाळ्यात गवताने व रानफुलांनी झाकून जाते आणि उन्हाळ्यात काळेभोर, तापलेले व निर्जन भासते. जांभ्याचा वरचा थर वाऱ्यापावसाने टणक होतो, आतील दगड त्या मानाने मऊ असतो. याच कारणाने चिरेखाणीत चिरे काढणे सुकर होते, आणि याच कारणाने प्राचीन मानवास येथे खोदकाम साधले असावे. चित्रे दोन पद्धतींनी कोरलेली आढळतात. काही ठिकाणी केवळ बाह्यरेषा खोदली आहे. काही ठिकाणी आकृतीच्या सभोवतालचा भाग खोल करून आकृती उठावात ठेवली आहे.

गुराखी व शेतकरी यांना ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथील खोदचित्रे इ. स. १९९३ मध्ये अभ्यासकांच्या दृष्टीस पडली, तेव्हा ती गुराख्यांनी काढली अशी लोकसमजूत तेथे होती. रत्नागिरी जिल्ह्यात इ. स. २०१२ च्या सुमारास सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व प्रा. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी गावोगाव फिरून पद्धतशीर शोध आरंभिला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे लक्ष त्याकडे वेधले गेले. इ. स. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या सूचीत कोकणातील नऊ स्थळांचा समावेश झाला. त्यांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही सात स्थळे रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. कुडोपी सिंधुदुर्ग जिल्ह्यात व नववे स्थळ गोव्यात आहे.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कशेळीच्या सड्यावरील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे. एवढी आकृती काढणारास ती काढताना एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. पायाशी उभा असलेल्या मनुष्यास सोंडेचे वळण नीट कळत नाही. अशा स्थितीत आकृतीचे प्रमाण राखावयाचे तर आखणी आधी करावी लागणार, कोणी एकाने दुरून सांगावयाचे व दुसऱ्याने खूण करावयाची, असा काही क्रम मानणे स्वाभाविक वाटते. एकट्या मनुष्याने ते केलेच नसेल असे सिद्ध करता येत नाही. तथापि कामाचा व्याप पाहता अनेक हातांचा संभव अधिक दिसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या हत्तीच्या देहरेषेच्या आत इतर पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या अनेक लहान आकृती कोरलेल्या आहेत. ही रचना एकाच वेळी योजिलेली होती, की मोठ्या आकृतीच्या पोटात पुढील पिढ्यांनी आपापली भर घातली, हे आज निश्चयाने सांगणे कठीण आहे. परंतु दोन्ही पर्याय आपल्या प्रश्नास उपकारकच ठरतात. पहिल्या पर्यायात समकालीन सहकार्य दिसते. दुसऱ्यात भिन्नकालीन माणसांचा संवाद दिसतो. पूर्वीच्याने काढलेले पुसून न टाकता त्यातच आपले चिन्ह मांडणे, हे एक प्रकारे उत्तर देणेच होय.

तिसरा पुरावा संकेतांचा आहे. परस्परांपासून कित्येक मैल दूर असलेल्या सड्यांवर काही आकार पुनःपुन्हा भेटतात : पावले दोन्ही बाजूंस वळवलेली उभी मानवाकृती, हत्ती, मासे, चौकटीत बसविलेली भौमितिक नक्षी. बारसू येथे दोन वाघांच्या मध्ये उभी असलेली मानवाकृती आहे. तिच्याशी साम्य असलेली कल्पना सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर व पश्चिम आशियातही आढळते. या साम्यावरून लगेच संबंध जोडणे घाईचे ठरेल. पण एकाच प्रदेशातील सड्यासड्यांवर तेच आकार यावेत, यावरून ते आकार ओळखणारा एक समाज होता, एवढे अनुमान करावयास हरकत नाही. संकेत एकट्याचा नसतो. तो किमान दोघांमध्ये ठरावा लागतो.

काळासंबंधी मात्र सावधगिरी हवी. या चित्रांत शेतीचे दृश्य नाही आणि आज कोकणात नसलेला गेंडा आहे. या गोष्टींवरून ती शिकारी व अन्नसंग्राहक लोकांची असावीत आणि त्यांपैकी काही इ. स. पूर्व दहा हजार वर्षांइतकी जुनी असावीत, असा तर्क पुरातत्त्वज्ञांनी मांडला आहे. तो तर्क आहे, निर्णय नव्हे. उघड्या कातळावरील रेषेचे वय ठरविणे हे मातीच्या थरात सापडलेल्या खापराचे वय ठरविण्याइतके सुलभ नाही.

४

मृत परंपरेवर प्रकाश टाकण्यासाठी जिवंत परंपरेकडे पाहणे हा मार्ग धोक्याचा असला तरी निरुपयोगी नाही. पालघर जिल्ह्यातील वारली समाजात विवाहप्रसंगी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. तो सवासिनी स्त्रिया मिळून काढतात. मध्ये पालघाट देवी असते, भोवती झाडे, प्राणी व माणसे येतात. धवलेरी गीत गाते, तेव्हाच त्या विधीस पूर्णता येते. देशावर व कोकणात चैत्रात अंगणात चैत्रांगण रेखाटतात. गौर, पाळणा, सूर्य, चंद्र, तुळस, हत्ती, कासव, नाग, गोपद्मे ही तिची वर्णमालाच होय. एकीने रेघ ओढावी, दुसरीने तिच्याशेजारी ठिपके भरावेत, लेकीने पाहून शिकावे. या अंगणात वावरलेल्या पूर्वीच्या बहुसंख्य स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. तरीही त्या एकमेकींचे रेखन बिनचूक वाचीत होत्या.

या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. चित्र हे बोलण्याऐवजी येत नाही, बोलण्यासह येते. गीत, कहाणी वा विधी बाजूस केला तर चौकाची नक्षी तेवढी उरते. रत्नागिरीच्या सड्यांवर आपल्यापाशी तेवढी नक्षी उरली आहे. तिच्याबरोबरचे शब्द गेले. म्हणूनच हे चित्र अमुक देवतेचे, ते चित्र अमुक घटनेचे, असे ठाम अर्थ सांगणाऱ्यांपासून अभ्यासकाने दूर राहणे बरे.

भाषेनेही या नात्याची आठवण जपली आहे. संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा आहे. त्याच धातूपासून ‘लेख’ आला आणि चित्रवाचक ‘आलेख्य’ही आला. मिथिलेतील स्त्रिया विवाहाचे कोहबर आजही ‘लिहितात’. लेखन व चित्र यांची वाट पुढे फुटली. उगमापाशी ती एकच होती.

५

हा विषय केवळ प्राचीनांचा आहे असेही नाही. इ. स. १९९९ मध्ये जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी भ्रमणध्वनीसाठी १७६ चित्रचिन्हे सिद्ध केली. त्यांचे वंशज आज आपल्या प्रत्येकाच्या पत्रव्यवहारात वावरतात. इ. स. २०१७ च्या एप्रिलमध्ये तर इंटरनेटवर एक समाईक चित्रफलक खुला करण्यात आला होता. त्यावर प्रत्येकास एका वेळी एकच रंगीत ठिपका ठेवता येई आणि पुढील ठिपक्यासाठी काही मिनिटे थांबावे लागे. दहा लाखांहून अधिक लोकांनी तीन दिवसांत तो भरला. एकट्याच्या ठिपक्यास अर्थ नव्हता. शेजाऱ्याशी जुळवून घेतल्यावाचून, अथवा त्याच्याशी झगडल्यावाचून, आकृती उभी राहत नव्हती. साधने कितीही बदलली तरी समाईक पृष्ठभागावर मिळून रेषा काढण्याची प्रेरणा मानवात टिकून आहे, एवढे यावरून दिसते. फरक इतकाच की, तो फलक तीन दिवसांनी बंद झाला. कशेळीचा हत्ती हजारो पावसाळे सोसून उभा आहे.

६

आणि तरीही तो सुरक्षित आहे असे म्हणवत नाही. सडा हा महसुली कागदांत बहुधा पडीक जमीन म्हणून नोंदला जातो. चिरेखाणी, रस्ते, आंब्याच्या बागांसाठी होणारे सपाटीकरण यांपुढे कातळावरील रेषा टिकत नाही. बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी इ. स. २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला आणि कातळशिल्पांचा प्रश्नही त्या वादात ऐरणीवर आला. प्रकल्पाच्या इष्टानिष्टतेचा निर्णय या लेखाच्या कक्षेत येत नाही. परंतु चित्राभोवती कुंपण घालून उरलेला सडा मोकळा करावा, असा जो मध्यममार्ग सुचविला जातो, त्याविषयी इतिहासाच्या अभ्यासकास आपले मत सांगणे प्राप्त आहे.

वर केलेले विवेचन ग्राह्य मानले तर या आकृती सुट्या वस्तू नव्हेत. त्यांचा परस्परांशी असलेला संबंध, त्यांची दिशा, त्यांमधील मोकळी जागा, जवळचे पाणी व वाट ही सर्व त्या रेखनाचीच अंगे आहेत. पोथीतील चार अक्षरे कापून जपली आणि पान फाडून टाकले, तर पोथी जपली असे कोणी म्हणणार नाही. म्हणून नोंद करावयाची ती एकेका चित्राची नव्हे, तर संपूर्ण सड्याची; आणि त्या कामी त्या सड्यावर गुरे चारणाऱ्यांची स्मृतीही टिपून घ्यावी. ज्यांनी ही रेषा ओढली त्यांची भाषा आपणांस ठाऊक नाही. ती पुढे कधी काळी उलगडेलही. त्या दिवसापर्यंत पान अखंड राखणे एवढे कर्तव्य आपल्या पिढीवर येऊन पडले आहे.