क्वेचुआ बोलणारे जमीनदार

पेरूच्या अँडीज पर्वतातल्या मिस्तींना, म्हणजे गावोगावच्या गोऱ्या आणि मिश्रवंशीय जमीनदारांना, डोंगरातली मूळनिवासी संस्कृती परकी नव्हती. दाई, स्वयंपाकीण, गुराखी सगळे क्वेचुआ बोलत, त्यामुळे मिस्तींची मुलं त्याच भाषेत वाढत. मोठेपणी हीच माणसं डोंगरी गाणी हौसेने गात आणि आपल्या कुळांच्या पोरांचे धर्मपितेही होत. तरीही ‘इंदियो’, म्हणजे मूळनिवासी माणूस, आळशी, दारुडा, पोरबुद्धीचा, यावर त्यांचं एकमत असे.

हे अज्ञान नव्हे. ही सोय होती.

आंकाश भागातल्या विकोसच्या जमीनदारीत ही सोय उघडी दिसते. जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात प्रत्येक कुटुंबातल्या एकाला आठवड्याचे तीन दिवस मालकाच्या शेतात राबावं लागे. शिवाय स्वयंपाक, घोड्यांची निगा, पहारा ही फुकटची वेठ वेगळीच. आणि अशा वाड्यांमधून तक्रार काय, तर कोकाची पानं चघळून इंदियो मंद होतो. राबणाऱ्याला हीच पानं मालक स्वतः वाटत! 1952 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने विकोस भाड्याने घेतलं आणि फुकटची वेठ बंद केली. सुधारित बियाण्याने बटाट्याचं पीक वाढलं, आणि 1962 मध्ये त्याच ‘आळशी’ लोकांनी ती जमीन विकत घेतली.

मेलेल्या इंकांबद्दल मात्र या वर्गाला भारी अभिमान. कुस्कोच्या प्रतिष्ठितांनी क्वेचुआत इंकांची नाटकं केली, 1944 मध्ये सूर्योत्सव नव्याने सुरू केला. आपली क्वेचुआ शेतकऱ्यांपेक्षा शुद्ध, असंही ते सांगत. शेजारचा जिवंत शेतकरी त्यांच्या लेखी त्या वैभवाचा खचलेला अवशेष होता.

मिस्तींच्या घरांचं आतून दर्शन घडवलं कादंबरीकार होसे मारिया आर्गेदास यांनी. वकिलाच्या या मुलाला जमीनदार सावत्र आईने नोकरांत राहायला लावलं, आणि तिथेच त्यांना माया मिळाली. 1941 च्या ‘यावार फिएस्ता’ या त्यांच्या कादंबरीत सरकार इंदियो पद्धतीच्या बैलझुंजीवर बंदी आणतं, तेव्हा मिस्तींमध्येच फूट पडते: काही अधिकाऱ्याची हांजी हांजी करतात, काहींना तो खेळ आपलाच वाटतो.

24 जून 1969 च्या जमीनसुधारणेने या जमीनदाऱ्या मोडल्या. 1975 मध्ये क्वेचुआला राजभाषेचा दर्जा मिळाला. पण ‘पोरबुद्धी’चा आरोप कायद्यात टिकून होता: वाचता-लिहिता येत नाही म्हणून असंख्य क्वेचुआभाषकांना मताचा हक्क नव्हता. तो 1979 च्या राज्यघटनेने दिला.