विजयदुर्गाचे ओटे, हेलियम आणि दोन थरांतील एक लाट

१/ देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरच्या दगडी चौथऱ्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी येथूनच हेलियम शोधला, अशी कथा आहे. या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

२/ नोंदी मात्र वेगळे सांगतात. त्या दिवशी जमखंडीला जॉन हर्शेल यांनी आणि गुंटूरला पिएर जान्सेन यांनी सूर्यज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. लॉकयर इंग्लंडमध्येच होते. २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहणाविना अशा रेषा टिपल्या. त्यांतील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना. ग्रहणासाठी ते भारतात आले १८७१ मध्ये, तेही केरळच्या किनाऱ्यावरील बेकल येथे.

३/ त्या रेषेच्या धन्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ म्हटले गेले. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये विल्यम रॅमझी यांना सापडला. १० जुलै १९०८ रोजी लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी त्याचे द्रवीकरण केले. उणे २६९ अंश सेल्सिअसची थंडी माणसाच्या हाती आली.

४/ याच थंडीच्या बळावर १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना क्वांटम हॉल परिणाम आढळला. पातळ थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांवर तीव्र चुंबकीय क्षेत्र लावले, की हॉल रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलतो.

५/ पुढचा प्रश्न : असे दोन थर अगदी जवळ ठेवले तर? प्रत्येक थरातील सर्वांत खालची ऊर्जापातळी निम्मी भरलेली असेल, तर एका थरातील इलेक्ट्रॉनासमोर दुसऱ्या थरात रिकामी जागा येते. या जोड्या जुळल्या, की दोन थर मिळून एकच अवस्था बनते.

६/ मालवणच्या किनाऱ्यावरील रापण आठवावी. जाळ्याचे दोन दोर, ओढणाऱ्यांच्या दोन रांगा, पण ताल एक. थरांमधला हा ताल किंचित ढळला, की त्याची लाट साऱ्या इलेक्ट्रॉनांतून पसरते. ती एकट्या इलेक्ट्रॉनाची नसते, समूहाची असते.

७/ कॅलटेकमध्ये स्पीलमन, आयझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सुमारे १० नॅनोमीटर पडद्याने विलग केलेले दोन थर घेतले. २००० मध्ये थरांमधील विद्युत्प्रवाहाचे टोकदार शिखर दिसले, २००१ मध्ये ती लाट मोजली गेली. तरंगलांबी निम्मी केली, की ऊर्जा दुप्पट : ध्वनिलहरींसारखीच. इतक्या नीच तापमानासाठी हेलियमच्याच दोन समस्थानिकांचे मिश्रण वापरतात.

८/ लॉकयर विजयदुर्गावर नव्हते, म्हणून ओट्यांचे मोल घटत नाही. १८६८ ची सावली या किनाऱ्यावरूनच पूर्वेकडे गेली होती. किल्ल्याचा मान राखायचा, तर कथेइतकीच नोंदही जपावी लागेल.