मोसंबीचा रस व दाह

मोसंबीच्या (सिट्रस सायनेन्सिस) रसाचा प्रौढांच्या शरीरातील मंद, दीर्घकालीन दाहावर होणारा परिणाम. स्थूलता, मधुमेह, हृद्रोग यांत असा दाह आढळतो. तो रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, इंटरल्यूकिन-६ इ. घटकांच्या पातळीवरून अजमावतात. परदेशांत ‘ऑरेंज ज्यूस’ म्हणून पितात तो याच जातीच्या फळांचा असल्याने तेथील प्रयोग मोसंबीला बऱ्याच अंशी लागू पडतात, नागपुरी संत्र्याला तितके नाहीत.

उत्पादन : परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर व नांदेड हा मराठवाड्यातील मोसंबीचा पट्टा. न्यूसेलर हा येथील प्रमुख वाण. त्याचे डोळे रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) मोसंबी संशोधन केंद्र बदनापूर येथे आहे. बागेचे पाणी तोडून, झाडांना ताण देऊन आंबे किंवा मृग बहार (फुलोरा) धरतात. मृगाची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी येत असल्याने ज्यूस सेंटरवर त्यांना मागणी असते. फळगळ व डिंक्या रोग या नेहमीच्या अडचणी. काढून ठेवलेला रस त्यातील लिमोनिन या द्रव्यामुळे कडवट होतो. प्रक्रिया उद्योग येथे फारसा न रुजण्यास हेही एक कारण मानता येईल.

घटक व क्रिया : दाहशामक गुणाचे श्रेय मुख्यतः हेस्पेरिडिन या फ्लॅव्हनोन गटातील संयुगाकडे जाते. आतड्यातील जिवाणूंनी त्याचे विघटन केल्यावर ते शोषले जाते. सालीखालचा पांढरा थर व फोडींचे पापुद्रे यांत ते सर्वाधिक असते. साल काढून, मिक्सरमध्ये फिरवून गाळलेल्या रसातून त्याचा मोठा वाटा चोथ्याबरोबर जातो; साखर मात्र सगळी पेल्यात उतरते (१०० मिलि.मध्ये सु. ८–१० ग्रॅ.).

पुरावा : अमेरिकेतील बफेलो येथील संशोधकांनी २०१० मध्ये निरोगी व्यक्तींना स्निग्ध व पिष्टमय पदार्थांनी भरलेले जेवण दिले. त्यासोबत पाणी किंवा ग्लुकोज घेणाऱ्यांत जेवणानंतरचा दाह वाढला, ‘ऑरेंज ज्यूस’ घेणाऱ्यांत तो रोखला गेला. मात्र गट प्रत्येकी दहा जणांचे होते. काही आठवडे रस देऊन केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. अशा काही अभ्यासांना फळरस उद्योगाचे अर्थसाहाय्यही होते.

मर्यादा : जागतिक आरोग्य संघटना (२०१५) फळरसातील साखर ‘मुक्त शर्करा’ धरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रसापेक्षा अखंड फळाला पसंती दिली आहे. आजाऱ्याला मोसंबीचा रस देण्याची पद्धत सर्वत्र असली, तरी मधुमेहात तो बेताने घ्यावा. गाऊटमध्येही तेच, कारण फ्रुक्टोजने यूरिक आम्ल वाढते. मूत्रपिंडाच्या विकारात रसातील पोटॅशियमचा विचार करावा लागतो.

अन्य रस : डाळिंबाच्या रसावरील चाचण्यांतही एकवाक्यता नाही.