डाख निष्कासन
मुद्रित मंडलाच्या फलकातील छिद्रांत घट्ट झालेला डाख, फलकास इजा न होता वितळवून काढण्याची क्रिया. पॉल आइस्लर यांनी १९३६ मध्ये लंडन येथे मुद्रित मंडल तयार केले. आरंभीच्या फलकांत तांब्याचा थर एकाच बाजूस असल्याने डाख काढणे तुलनेने सोपे होते. १९६० नंतरच्या दशकात छिद्राच्या आतून तांब्याचा मुलामा देण्याची पद्धत रूढ झाली. सु. २५ मायक्रोमीटर जाडीचा हा मुलामा फलकाचे थर एकमेकांस जोडतो. डाख पूर्ण वितळण्यापूर्वी घटकाचा पाय ओढल्यास मुलामाच उखडतो व जोडणी तुटते.

मुंबई दूरचित्रवाणी केंद्र १९७२ मध्ये सुरू झाल्यावर दुरुस्तीचा व्यवसाय वाढला. दट्ट्याचा शोषक पंप आणि अभिवाह लावलेली तांब्याची वेणी ही त्यातील नेहमीची साधने होत. लॅमिंग्टन रोडच्या बाजारात ती मिळतात.

यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध घातल्यावर शिसेविरहित डाख प्रचारात आला. कथिल-शिसे (६३ : ३७) डाख १८३° से.ला वितळतो, तर कथिल-चांदी-तांबे डाखास सु. २१७° से. लागते. म्हणून अशा छिद्रात प्रथम थोडा कथिल-शिसे डाख मिसळतात. त्यामुळे वितळबिंदू उतरतो, उष्णता सर्वत्र पोहोचते आणि मगच डाख शोषून घेतात. बळाने छिद्र कोरल्यास मुलामा नष्ट होतो.