हडपसरचा विस्तार आणि नगर नियोजनातील नागरिकांचा वाटा

पुणे शहराच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर वसलेले हडपसर हे एकेकाळी कालव्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या बागायती शेतीचे गाव होते. पुढे येथे औद्योगिक वसाहत आली आणि नंतर माहिती तंत्रज्ञान कंपन्या व मोठी गृहसंकुले उभी राहिली. लोकवस्ती झपाट्याने वाढली. परंतु रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था, शाळा आणि मैदाने त्या वेगाने वाढली नाहीत. सुनियोजित विकासाची येथील रहिवाशांची मागणी या तफावतीतून जन्मास आली आहे.

शहराची वाढ कशी व्हावी, हे विकास आराखडा ठरवतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिकेस प्रथम जमिनीच्या प्रचलित वापराचा नकाशा तयार करावा लागतो. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. स्थायी समितीचे तीन सदस्य व बाहेरील तज्ज्ञ यांची नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. अंतिम मंजुरीचा अधिकार मात्र राज्य शासनाचा असतो.

ही प्रक्रिया किती रेंगाळू शकते, हे पुण्याने अनुभवले आहे. १९८७ चा आराखडा जुना झाल्यावर महापालिकेच्या जुन्या हद्दीसाठी २००७ ते २०२७ या कालावधीचा नवा आराखडा हाती घेण्यात आला. त्याचे प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना दाखल झाल्या. २०१५ मध्ये शासनाने आराखडा आपल्या ताब्यात घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यास मंजुरी दिली. वीस वर्षांच्या आराखड्यातील निम्मा काळ तोवर सरला होता. या काळात इमारती मात्र थांबल्या नव्हत्या.

हद्दीलगतच्या गावांची स्थिती याहून बिकट झाली. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत घेण्यात आली, परंतु विरोधानंतर त्यांतील काही वगळली गेली. उर्वरित गावांच्या समावेशासाठी हवेली तालुका नागरी कृती समितीने उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१७ मध्ये साडेसतरा नळी व फुरसुंगीसह अकरा गावे, तर २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक व शेवाळेवाडीसह २३ गावे समाविष्ट झाली. गावे शहरात येण्यापूर्वीच तेथे शहर पोहोचले होते.

नियोजनाचा वेगळा मार्गही हडपसरनेच दाखवला. मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकण्याऐवजी सुमारे ४०० एकर क्षेत्र एकत्र आणले आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भागीदारी घेतली. वसाहतीच्या आत रस्ते व उद्याने आखीव झाली. तथापि, प्रवेशद्वाराबाहेर पडणाऱ्यास त्याच गर्दीच्या सार्वजनिक रस्त्यावर यावे लागते. एखादी वसाहत कितीही नेटकी असली, तरी ती शहराच्या आराखड्याची जागा घेऊ शकत नाही.

आराखडा मंजूर झाला म्हणजे नागरिकांचे काम संपले, असे नाही. मैदान, शाळा वा उद्यानासाठी राखलेली जमीन दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालक कलम १२७ अन्वये खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. २०१७ मध्ये नव्याने पडलेल्या आरक्षणांची दहा वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतात. हडपसरच्या रहिवाशांनी आपल्या भागातील आरक्षणांची यादी मिळवून संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद आहे काय, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

यासाठी साधनेही उपलब्ध आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांना आधार दिला. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेण्याची पद्धत सुरू केली. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा नकाशे व मंजुऱ्यांची प्रत मिळवून देतो. मोर्चाने प्रश्नाकडे लक्ष वेधले जाते. परंतु नकाशावरील रेषा बदलते ती मुदतीत दाखल झालेली, भूखंडाचा क्रमांक व कारणे नमूद केलेली लेखी हरकत. मैदानावर एकदा इमारत उभी राहिली, की मैदान परत मिळत नाही.