गुळव्याच्या बोटातली गोळी

आजची गोष्ट पाकाच्या एका थेंबाची.

१८९५ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ म्हणून. पेठेत भाव ठरायचा तो रंगावर आणि कणीवर. पण खरा निकाल आधीच लागलेला असायचा, गावाकडच्या गुऱ्हाळावर.

काईलीत उसाचा रस उकळतो. त्यात थोडा चुना पडतो. का? तर रस आंबट राहिला की त्यातली साखर फुटते आणि गूळ घट्ट बसतच नाही. भेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती काढून टाकायची. मग खेळ आचेचा. साधारण १०५ अंशांवर उतरवलं तर काकवी, पातळच राहणार. ११८च्या आसपास उतरवलं तर ढेप. जितकं पाणी आटेल तितका गूळ कडक!

आणि हे सगळं थर्मामीटरशिवाय बरं का. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा आणि बोटांनी गोळी वळून बघायचा. गोळी टणक झाली की काईल लगेच खाली. उशीर झाला तर पाक करपला. मग तो वाफ्यात ओतून, हलवत हलवत निववायचा, तेव्हा कणी पडते.

२०१४ साली कोल्हापुरी गुळाला जीआय मानांकन मिळालं. पण आपण गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ मागतो, आणि तो रंग हायड्रॉस घालूनही आणता येतो. मग गुळव्याच्या बोटांना कोण विचारणार? पुढच्या वेळी गूळ घेताना नुसता रंग बघू नका, फोडून कणीही बघा.

भेटू पुढच्या भागात!